गाठोड्यावरचे नाव



ह्या व्यासपीठावरून आपण इतिहास ऐकला आहे, वाङ्मयावरची भाषणे ऐकली आहेत, अर्थशास्त्रज्ञांची आणि संतसाहित्याच्या अभ्यासकांची व्याख्याने ऐकली आहेत. त्या पंगतीत 'झिप फाइल सोडणाऱ्या प्रोग्रॅमांतील दोष' हा आजचा विषय म्हणजे पैठण्यांच्या कपाटात ठेवलेले गोणपाट वाटावे. चिटणिसांनी विषय विचारला आणि मी तो सांगितला, तेव्हा ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "एवढ्यावर तासभर बोलता येईल?" मी म्हटले, "येईल. आणि ऐकून घरी गेल्यावर लोक एखादी गोष्ट तरी निराळी करतील." त्या भरवशावर त्यांनी मला येथे उभे केले आहे.

प्रारंभ एका घडलेल्या गोष्टीने करतो. माझे एक स्नेही लहानसा छापखाना चालवतात. एका ग्रंथाची मुद्रिते तपासण्याचे काम त्यांच्याकडे चालू होते. बारा दिवस खपून त्यांनी आठ प्रकरणांच्या दुरुस्त्या संगणकात केल्या. तेवढ्यात लेखकाने पुस्तकातली चित्रे पाठवली. चित्रांबरोबर त्याने आपल्याकडची मूळ प्रकरणेही त्याच झिप फाइलीत बांधून दिली होती. असावीत बरोबर, म्हणून. माझ्या स्नेह्यांनी ती फाइल दुरुस्त प्रकरणे होती त्याच फोल्डरमध्ये सोडली. प्रोग्रॅमने विचारले, ह्या नावाची फाइल येथे आधीच आहे, तिच्यावर नवी लिहू काय? घाई होती. त्यांनी 'सर्वांना होय' हे बटण दाबले. बारा दिवसांचे काम पुसले गेले.

ह्यात चोर कोणीही नव्हता. लेखक सज्जन, मुद्रक सज्जन, प्रोग्रॅमने तर विचारूनही घेतले. तरी एक गोष्ट लक्षात घ्या. लेखकाने आपल्या घरी बसून एका फाइलीला 'प्रकरण पहिले' असे नाव दिले, आणि त्या नावाने माझ्या स्नेह्यांच्या घरातले काय पुसले जाईल हे ठरवले. पाठवणाऱ्याने लिहिलेले नाव घेणाऱ्याच्या घरात हुकूम म्हणून चालले. आजच्या माझ्या सगळ्या भाषणाचे सार एवढ्यात आहे. येथे चुकून झाले. तेच कोणी जाणूनबुजून करू लागला, आणि प्रोग्रॅमने विचारणेही सोडून दिले, तर काय होते, ते आता पाहू.

प्रथम हे गाठोडे म्हणजे काय ते सांगतो. पुष्कळ फाइली एकत्र बांधून एक करायच्या आणि जमल्यास दाबून लहान करायच्या, एवढेच हे काम. ह्यांपैकी बांधण्याची गरज जुनी. १९७९ साली युनिक्स ह्या प्रणालीच्या सातव्या आवृत्तीबरोबर 'टार' नावाचा प्रोग्रॅम आला. त्याचे नावच 'टेप आर्काइव्ह' ह्या शब्दांवरून पडले. फाइली चुंबकीय फितीवर एकापुढे एक लिहून ठेवण्यासाठी तो होता. पुढे घरोघरी लहान संगणक आले. ते टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांना फाइली पाठवू लागले. तार मंद आणि मिनिटामिनिटाला पैसे पडणार, तेव्हा दाबण्याला महत्त्व आले. अमेरिकेतील मिलवॉकीच्या फिल काट्झ ह्या तरुणाने १९८९ साली झिप ही पद्धत काढली आणि तिचे नियम सर्वांसाठी खुले केले. हा मनुष्य २००० साली अवघ्या सदतिसाव्या वर्षी वारला. पण त्याची गाठ साऱ्या जगाने उचलली.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, आम्ही कुठे झिप फाइली वापरतो? मंडळी, आपण रोज वापरता. वर्डमध्ये लिहिलेले पत्र, एक्सेलमधला जमाखर्च, मोबाइलवर वाचायचे ईपब पुस्तक, अँड्रॉइड फोनवर उतरवलेले प्रत्येक अ‍ॅप, ही सारी आतून झिपचीच गाठोडी आहेत. आधार कार्डाची ऑफलाइन ओळख उतरवून घेतली तर तीही झिप फाइल म्हणूनच हाती येते. म्हणजे गाठोडे सोडणारा प्रोग्रॅम हा कधीमधी बोलावण्याचा हमाल नसून घरात कायम राबणारा गडी आहे. आणि हा गडी मालकाच्या किल्ल्या घेऊन हिंडतो. तुम्हाला ज्या ज्या ठिकाणी फाइल ठेवण्याचा अधिकार आहे, त्या त्या ठिकाणी त्यालाही आहे.

आता गाठोड्याच्या आत डोकावू. झिपमध्ये प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी बांधलेली असते आणि शेवटी सर्व वस्तूंची एक यादी असते. चिठ्ठीवर वस्तूचे नाव, तिचा आकार, दाबल्यानंतरचा आकार असा मजकूर असतो. हे सारे लिहितो कोण? गाठोडे बांधणारा. वाचतो कोण? तुमचा गडी. आणि नाव म्हणजे नुसते नाव नव्हे; संगणकात नावाबरोबर वाटही लिहिता येते. अमुक फोल्डरमधल्या तमुक फोल्डरमध्ये ही फाइल ठेव, असे ते नाव सांगू शकते. त्यात दोन टिंबांची एक खूण आहे. दोन टिंबे म्हणजे 'एक पायरी बाहेर ये'.

आपल्या जुन्या वाड्याची रचना डोळ्यांपुढे आणा. तुम्ही गड्याला सांगितले, हे गाठोडे आतल्या अडगळीच्या खोलीत सोड. त्याने ते तेथे नेले, पहिली वस्तू काढली, चिठ्ठी वाचली. चिठ्ठीवर लिहिले होते: खोलीबाहेर सोप्यात ये, सोप्यातून चौकात ये, मग देवघरात जाऊन तेथे मला ठेव. शहाणा गडी म्हणेल, मालकाने ह्या खोलीत ठेवायला सांगितले आहे, चिठ्ठी काही का म्हणेना. भोळा गडी सरळ देवघराकडे चालू लागेल. त्याला कोणी लाच दिलेली नाही, त्याच्या मनात पापही नाही. त्याला फक्त मालकाचा हुकूम आणि परक्याची चिठ्ठी ह्यांतला फरक कळत नाही.

हा भोळेपणा किती काळ चालू शकतो ह्याचे एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. विन्‌रार हा प्रोग्रॅम आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. युजीन रोशाल ह्या रशियन गृहस्थाने 'रार' ही पद्धत काढली. विन्‌रार हा तिचा विंडोजवरचा प्रोग्रॅम. चाळीस दिवस फुकट वापरा, मग पैसे द्या, अशी त्याची अट. ते चाळीस दिवस आपल्याकडे कित्येक घरी वीस वर्षे चालू आहेत! असो. २०१९ साली ह्या प्रोग्रॅमचे जगभर पन्नास कोटींहून अधिक वापरणारे असल्याचे त्याचे निर्माते सांगत.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत चेक पॉइंट ह्या इस्रायली कंपनीच्या संशोधकांनी आपला शोध प्रसिद्ध केला. त्यांची रीत मोठी मजेची असते. मुद्दाम बिघडवलेली असंख्य गाठोडी यंत्राकरवी तयार करायची, प्रोग्रॅमपुढे एकामागून एक टाकायची, आणि तो कोठे अडखळतो ते पाहत बसायचे. अशी चाचणी चालू असता भलत्याच जागी एक नवा फोल्डर निर्माण झालेला त्यांना दिसला. त्या धाग्याने ते मुळापर्यंत गेले. विन्‌रार स्वतःच्या पद्धतीखेरीज इतरही गाठोडी सोडत असे. त्यांत 'एस' नावाची एक जुनी, लोक विसरून गेलेली पद्धत होती. ती सोडण्याचे काम विन्‌रारने दुसऱ्याने लिहिलेल्या एका लहानशा भागाकडे दिले होते. तो भाग २००५ पासून सुधारलेला नव्हता, आणि त्याचा मूळ मजकूर विन्‌रारवाल्यांच्या हाती नव्हता. म्हणजे घरात एक गडी आहे, त्याला कोणी ठेवला ते आठवत नाही, त्याची भाषा कोणाला समजत नाही. पण किल्ल्या त्याच्याकडे आहेत.

त्या भागात वाट तपासण्याची सोय मुळीच नव्हती असे नाही. नावाच्या प्रारंभीचा धोक्याचा मजकूर तो सावधगिरी म्हणून खोडून टाकी. पण नावच असे रचता येत होते की, खोडून जे उरेल तेच घातक ठरावे. अशा रीतीने गाठोड्यातली फाइल थेट विंडोजच्या 'स्टार्टअप' फोल्डरमध्ये जाऊन पडे. हा फोल्डर म्हणजे संगणक सुरू होताच न विचारता करायच्या कामांची जागा. आज गाठोडे सोडले, कामाचे कागद मिळाले, काही बिघडलेले दिसले नाही. उद्या सकाळी संगणक सुरू केला की चोराचा प्रोग्रॅम चालू! फाइलीच्या नावाचे शेपूट बदलून 'एस' ऐवजी 'रार' केले तरी भागत असे, कारण विन्‌रार शेपूट न पाहता आतला मजकूर पाहून पद्धत ओळखी. हा दोष एकोणीस वर्षांहून अधिक काळ तेथे होता. निर्मात्यांनी अखेर काय केले? ज्याची दुरुस्ती करता येत नाही तो भाग काढून टाकला आणि एस पद्धतीला निरोप दिला. निर्णय योग्य होता. पण ही बातमी फुटल्यावर पहिल्या आठवड्यातच त्या दोषाचा फायदा घेणारे शंभराहून अधिक निरनिराळे प्रकार मॅकॅफी ह्या कंपनीला आढळले. त्यांतला एक तर आरियाना ग्रांडे ह्या अमेरिकन गायिकेच्या गाण्यांचा संग्रह म्हणून पाठवलेला होता. गाणी खरीच होती. गाणी ऐकणारा गाणी ऐकत होता आणि दुसरी एक वस्तू शांतपणे देवघरात जाऊन बसली होती.

आपल्याला वाटेल, एकदा ठेच लागली, आता शहाणपण आले असेल. २०२३ साली ह्याच प्रोग्रॅमात दुसरा दोष उघडकीस आला. येथे खेळ नावांच्या सारखेपणाचा होता. गाठोड्यात एक चित्र, आणि अगदी त्याच नावाचा एक फोल्डर. फोल्डरमध्ये खरा घातक प्रोग्रॅम. नावाच्या शेवटी डोळ्याला न दिसणारी एक मोकळी जागा. तुम्ही गाठोड्याच्या खिडकीतच त्या चित्रावर दोनदा टिचकी मारली की चित्राऐवजी तो प्रोग्रॅम सुरू होई. ग्रुप-आयबी ह्या कंपनीने हे शोधून काढले, तेव्हा त्या वर्षीच्या एप्रिलपासूनच शेअर आणि आभासी चलन ह्यांचे व्यवहार करणाऱ्यांवर हा डाव टाकला जात होता. निदान १३० यंत्रे त्यात सापडली. 'माझी कमाईची युक्ती' म्हणून पाठवलेल्या गाठोड्यांनी लोकांच्या खात्यांतले पैसे काढण्याची वाट मोकळी केली. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारलेली आवृत्ती निघाली.

आणि २०२५ च्या जुलैत पुन्हा तीच गोष्ट. स्लोव्हाकियातील ईसेट कंपनीच्या संशोधकांना असे आढळले की, गाठोड्यातल्या फाइलीला चिकटवलेल्या एका आडबाजूच्या कप्प्यात दोन टिंबांची वाट लपवून रशियाशी संबंध असलेली एक टोळी पुन्हा त्याच स्टार्टअप फोल्डरपर्यंत पोहोचत आहे. गाठोडे नोकरीच्या अर्जाचे होते. युरोपातील आणि कॅनडातील वित्तसंस्था, कारखाने, संरक्षणसामग्री आणि मालवाहतूक ह्यांच्या कचेऱ्यांत ते पाठवले गेले. ज्यांचे कामच मुळी आलेले अर्ज उघडून पाहणे हे आहे, त्यांनी ते उघडू नये असे कसे सांगणार? १८ जुलैला दोष सापडला, ३० जुलैला सुधारलेली आवृत्ती निघाली. बारा दिवसांत दुरुस्ती झाली ह्याबद्दल निर्मात्यांचे कौतुकच करायला हवे. पण हा प्रोग्रॅम आपणहून नवा होत नाही. दुरुस्ती निघाली तरी ती घरी आणून बसवायची मालकाने. आणि मालकाच्या मते तर तो चाळीस दिवसांचा पाहुणा!

आता कोणी विचारील, दारावर पहारेकरी नाही काय? आत येणारे प्रत्येक गाठोडे तपासणारे प्रोग्रॅम असतात, ते काय करतात? मंडळी, तपासायचे म्हणजे गाठोडे सोडायला हवे. म्हणजे पहारेकरीही गाठोडे सोडणाराच, आणि त्याच्या हाती गड्यापेक्षा जास्त किल्ल्या. २०१८ साली मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या पहारेकऱ्यातच असा दोष सापडला. रार गाठोडी सोडण्यासाठी त्यांनी मूळ प्रोग्रॅमाचा मजकूर घेऊन त्यात फेरफार केले होते. तसे करताना, शून्याखाली जाऊ शकणाऱ्या काही संख्या त्यांनी शून्याखाली न जाणाऱ्या करून टाकल्या. वरवर पाहता ही सुधारणाच. पण मूळ लेखकाने 'ही संख्या शून्याखाली गेली तर थांब' असा पहारा जेथे ठेवला होता, तेथे आता शून्याखाली काही जाणारच नव्हते. पहारा निकामी झाला, आणि गाठोड्यात लिहिलेल्या संख्येच्या जोरावर स्मृतीच्या भलत्या जागी लिहिण्याची वाट मोकळी झाली. येथे तुम्ही गाठोडे उघडण्याचीही आवश्यकता नव्हती. ते नुसते संगणकात येऊन पडले की पहारेकरी कर्तव्य म्हणून ते सोडणार. कुंपणाने शेत खावे तसा प्रकार. सुदैवाने गुगलच्या संशोधकाने तो आधी सांगितला आणि एप्रिल २०१८ मध्ये दुरुस्ती झाली.

पहारेकऱ्याला फसवण्याची आणखी एक रीत आहे. झिपमध्ये एकाच नावाच्या दोन वस्तू ठेवल्या तर? आपल्या गावात एकाच नावाचे दोन गृहस्थ असले की पोस्टमन काय करतो ते तुम्हाला ठाऊक आहे. २०१३ साली अँड्रॉइड फोनमध्ये असे उघड झाले की, अ‍ॅपवरची सही तपासणारा भाग त्या नावाची शेवटची वस्तू पाही, आणि अ‍ॅप बसवणारा भाग पहिली उचली. तपासली गेली ती खरी, बसवली गेली ती खोटी. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक. पण दोघांनी एकच गाठोडे दोन रीतींनी वाचले. ज्यांनी हा दोष शोधला त्यांच्या अंदाजाने तेव्हाचे सुमारे नव्वद कोटी फोन त्याच्या कक्षेत येत होते.

आणि चिठ्ठीवर जसे नाव असते तसा आकार असतो, हेही विसरू नका. आपल्याकडे रामनामाची वही लिहिण्याची प्रथा आहे. एक कोटी वेळा 'राम' लिहिलेल्या वह्यांनी खोली भरेल. पण 'राम, एक कोटी वेळा' हे एका ओळीत सांगता येते. दाबणे म्हणतात ते ह्या जातीचे. आता ती एक ओळ कोणी तुमच्या गड्याला दिली आणि म्हटले, लिहून काढ! '४२ डॉट झिप' नावाचे एक गाठोडे प्रसिद्ध आहे. आकार ४२ किलोबाइट, म्हणजे एखाद्या लहानशा फोटोहूनही कमी. त्यात सोळा गाठोडी, त्या प्रत्येकात सोळा, असे पाच थर, आणि शेवटच्या प्रत्येकात सुमारे ४.३ गिगाबाइटची एक पोकळ फाइल. सगळे सोडले तर साडेचार पेटाबाइट होतात. अर्ध्या टेराबाइटचे लॅपटॉप घेतले तर नऊ हजार लॅपटॉप भरतील. २०१९ साली डेव्हिड फिफील्ड ह्या संशोधकाने तर थरांचीही गरज नाही हे दाखवले. असंख्य चिठ्ठ्या एकाच वस्तूकडे बोट दाखवतील अशी यादी त्याने रचली, आणि दहा मेगाबाइटच्या गाठोड्यातून २८१ टेराबाइट बाहेर काढले. ह्यात चोरी नाही. पण बिचारा गडी लिहितालिहिता कोसळतो, आणि तो कोसळला की त्याच्या भरवशावर चाललेले कामही थांबते.

इतके ऐकल्यावर आपल्या मनात प्रश्न येईल की, दोन टिंबांची ही साधी गोष्ट प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ठाऊक नव्हती काय? ठाऊक होती, आणि माझ्या मते खरे दुखणे येथेच आहे. पायथॉन ही आज महाविद्यालयांतून शिकवली जाणारी संगणकाची भाषा. तिच्यात टार गाठोडी सोडण्याची तयार सोय आहे. ती सोय दोन टिंबांची वाट निमूटपणे मानते, हे २००७ सालीच दाखवून देण्यात आले. त्यावर काय झाले? माहितीपुस्तिकेत एक सूचना छापली गेली, की अनोळखी ठिकाणाहून आलेली गाठोडी तपासल्यावाचून सोडू नका. पंधरा वर्षांनी, २०२२ साली, ट्रेलिक्स कंपनीच्या संशोधकांना आपण नवाच दोष शोधला असे वाटले; पाहतात तो हा जुनाच! तोवर साडेतीन लाखांवर प्रकल्पांत तो पसरला असावा, असा त्यांचा अंदाज होता. २०२३ मध्ये पायथॉनच्या नव्या आवृत्तीत वाट तपासणारी चाळणी आली, आणि ती न सांगता आपोआप लागू झाली ऑक्टोबर २०२५ च्या आवृत्तीपासून. दोष कळल्यापासून अठरा वर्षांनी!

सभ्य गृहस्थहो, दाराला कडी नाही, पण भिंतीवर 'चोरांपासून सावध राहा' अशी पाटी लावली आहे, अशा घराला आपण काय म्हणू? सूचना लिहिणारे लोक वाईट नव्हते. आजवर चालत आलेली रीत बदलली तर कोणाचे तरी काम अडेल, ह्या काळजीपोटी त्यांनी पाटीवर भागवले. पण पाटी वाचतो कोण? २०१८ साली स्निक कंपनीच्या संशोधकांनी हाच दोष 'झिप स्लिप' ह्या नावाने हजारो प्रकल्पांत दाखवला. त्यांना असे दिसले की, जावा ह्या भाषेत गाठोडी सुरक्षितपणे सोडण्याची तयार सोय नसल्यामुळे एकाने लिहिलेला सदोष नमुना दुसऱ्याने उतरवून घेतला, दुसऱ्याचा तिसऱ्याने. उतारा करताना चूकही उतरते, हे आपल्या जुन्या पोथ्या पाहणाऱ्यांना मी सांगायला नको.

म्हणून मला एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. असे काही घडले की आपण चटकन म्हणतो, उघडली कशाला ती फाइल? मुलगा वडिलांना म्हणतो, साहेब कारकुनाला म्हणतो. हा न्याय नव्हे. विश्वास पानिपतावर गेला, असे आपण थट्टेने म्हणतो. पण विश्वासावाचून कोणतीही कचेरी एक दिवस चालणार नाही. कागद उघडणे हा गुन्हा नाही. कागद कोठे ठेवायचा हे कागदालाच ठरवू देणे हा दोष आहे, आणि तो प्रोग्रॅम रचणाऱ्याचा आहे. नियम तर एका वाक्यात सांगता येतो. नाव जोडून सगळी वाट पुरी करून पाहा. ती मालकाने सांगितलेल्या खोलीच्या आतच संपते काय ते तपासा. बाहेर जात असेल तर थांबा. आकाराला मर्यादा घाला. तपासणारा आणि वापरणारा ह्यांना एकच वाचन करू द्या. येथे संगणकशास्त्र शिकणारी मुले बसली असतील, त्यांना माझी विनंती आहे: गाठोड्यावरचे नाव ही माहिती आहे, हुकूम नव्हे, एवढे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पण रचणारे शहाणे होईपर्यंत आपण काय करायचे? चिटणिसांना दिलेला शब्द मला पाळायचा आहे, म्हणून चार गोष्टी सांगतो. पहिली, आज घरी गेल्यावर आपल्या संगणकातला गाठोडी सोडणारा प्रोग्रॅम कोणता आणि त्याची आवृत्ती कोणती ते पाहा. जुनी असेल तर निर्मात्याच्या मूळ ठिकाणाहूनच नवी आणा, आणि लागतच नसेल तर काढून टाका. वापरात नसलेला गडी किल्ल्यांसह ठेवू नये. दुसरी, आलेले गाठोडे नेहमी नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये सोडा. त्याने चोर थांबेलच असे नाही, पण माझ्या छापखानेवाल्या स्नेह्यांचे बारा दिवस वाचले असते. तिसरी, गाठोड्याच्या खिडकीतूनच परभारे फाइल उघडू नका, आणि फाइलींच्या नावांची शेपटे दिसतील अशी व्यवस्था करून घ्या. चौथी, अनपेक्षित गाठोडे ओळखीच्या माणसाकडून आले तरी त्याला एक फोन करा. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी. पण ती कोणाची आहे हे विचारायला पैसे पडत नाहीत.

माझ्या त्या स्नेह्यांनी पुढे काय केले, हे सांगून थांबतो. मूळ दुरुस्त्या कागदावरच्या मुद्रितांवर लाल शाईने केलेल्या होत्या, आणि सुदैवाने ते कागद रद्दीत गेले नव्हते. त्यावरून त्यांनी बारा दिवसांचे काम सात दिवसांत पुन्हा केले. ग्रंथ निघाला. आता त्यांच्या छापखान्यात एक फोल्डर आहे, त्याचे नाव 'ओटी'. बाहेरून आलेले प्रत्येक गाठोडे आधी ओटीवर सोडले जाते, पाहिले जाते, आणि मगच आतल्या घरात नेले जाते. आपल्या वाडवडिलांनी घराला ओटी उगीच ठेवली नव्हती. पाहुण्याचा मान राखायचा, त्याला पाणी द्यायचे, बसायला द्यायचे. पण माजघरात कोणी जायचे ते घरच्यांनी ठरवायचे.